न म्हणायची अक्षरं

त्या वर्षी पाऊस नावापुरता पडला. माळावर गवताची काडी उगवली नाही, आणि मेंढ्या उपाशी मरायच्या आधी त्यांचे धनी त्यांना आमच्या शेडवर आणून सोडू लागले. सकाळी सहालाच फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. एरवी दिवसाला दोनशे मेंढ्या व्हायच्या, त्या आता पाचशेवर गेल्या. अंगावर मांस नव्हतं, पण रक्त तेवढंच निघायचं.

शेड म्हणजे कत्तलखाना, उगाच सभ्य शब्द कशाला वापरायचा? तिथे माझे अप्पा पहिल्या टेबलावर होते. पहिलं टेबल म्हणजे गळा. सव्वीस वर्षं त्यांनी गळेच कापले. डाव्या हाताने हनुवटी वर, गुडघा मानेमागे, आणि सुरी एकदाच. मेंढीला कळायच्या आत सगळं आटपलेलं असायचं. शेडमधल्या निम्म्या लोकांना सुरी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मी त्याच शेडच्या कोरड्या खोलीत पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. शाळा पुरी केली होती, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून माझे पाय रक्तात नव्हते. अप्पांना त्याचा कोण अभिमान! "माझी पोरगी बूट न घालता कामाला जाते," असं ते जो भेटेल त्याला सांगायचे. त्यांना म्हणायचं असायचं गमबूट. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरीला साधी चप्पल घेऊन देत नाही की काय हा माणूस.

मेंढ्या संपल्या की काम संपणार आणि निम्मी टेबलं उचलली जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. कुणाची उचलायची, ते ठरवायला पाटी आली.

पाटी पत्र्याची होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं, अकरा ओळी, सगळ्या इंग्रजीत. सुरी कशी धरायची, अंगठा कुठे ठेवायचा, मनगटाला काय गुंडाळायचं, हात कसे धुवायचे. बाहेरदेशी माल घेणाऱ्यांनी ती पाठवली होती. पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस तपासणीला येणार होता, आणि ज्याच्या हातात सुरी त्याला ही पाटी मोठ्याने वाचता आली पाहिजे, अशी त्यांची अट होती. ज्याला येणार नाही त्याने सुरी ठेवायची आणि आतड्यांच्या खोलीत जायचं. त्या खोलीत दिवसभर गुडघाभर घाण पाण्यात उभं राहून आतडी पिळायची. तिथून परत टेबलावर आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

सुपरवायझर साहेबांनी सगळ्यांना हात धुवायच्या हौदापाशी उभं केलं.

"रोज सकाळी घंटेआधी वाचन," ते म्हणाले. "मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. माझ्या शाळेत होती तीच पद्धत. जो चुकेल, त्याला पुढच्याने बरोबर वाचून दाखवायचं आणि एक कानाखाली द्यायची. म्हणजे दोघांच्याही लक्षात राहतं."

लोक हसले. वाटलं, गंमत करतायत.

अप्पांना इंग्रजी अक्षरं येत होती, गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलेली. ते एकेक अक्षर जोडत पुढे गेले. "कीप... द... क्नाइफ." साहेबांनी बोट वर केलं. "पुढचा."

पुढे टकल्या होता. त्याला अप्पांनीच सुरी धरायला शिकवली होती, आणि पहिल्या दिवशी तो चक्कर येऊन पडला तेव्हा स्वतःच्या डब्यातलं खायला घालून घरी पोचवला होता. टकल्याचा मुलगा शाळेत होता, त्याने त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. "नाइफ," टकल्या म्हणाला आणि खाली बघत राहिला.

"दे."

"साहेब, वयाने मोठे आहेत."

"मग तू जा आतड्यात."

टकल्याने दिली. ओल्या हाताची होती, आवाज मोठा झाला. अप्पा हलले नाहीत. गालावरून पाण्याचा ओघळ गळ्यात गेला तेवढाच. मी कोरड्या खोलीच्या दारातून बघत होते, आणि त्या सकाळी माझ्या चिठ्ठ्या सगळ्या तिरक्या लागल्या.

संध्याकाळी अप्पांनी आईकडून पोळपाट मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. खडू खिशातून आणला होता. "लिही ते सगळं."

मी लिहिलं. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आता पोळपाटावर शाळा, मग पोळ्या कशावर, तुमच्या टकलावर?"

"टक्कल टकल्याला आहे," अप्पा म्हणाले. मग मला, "हे पहिलं अक्षर के ना?"

"के."

"मग क कुठे गेला?"

"आहे, पण म्हणायचा नाही."

"म्हणायचा नाही, तर लिहिला कशाला?"

"असतंच तसं. इथे बघा, थम. शेवटी बी आहे, तो म्हणायचा नाही. हे रिस्ट, म्हणजे मनगट. पुढचा डब्ल्यू गप्प."

अप्पांनी त्या डब्ल्यूवर बोट ठेवलं. "गप्प आहे, तरी जागा अडवून बसलाय."

"हो."

"आपल्या सुपरवायझरसारखा."

आम्ही तिघं हसलो. त्या पंधरवड्यात घरात हसू आलं ते तेवढंच.

अप्पांनी ते आपल्या परीने समजून घेतलं. मेंढी सोलताना चरबी काढतात तसं शब्दाचं टोक काढायचं, असं त्यांच्या डोक्यात बसलं. एकदा बसल्यावर ते प्रत्येक शब्दाला लागू झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदापाशी छाती काढून वाचलं, "ईप द नाइफ लीन." नाइफ बरोबर आला होता, पण कीपचा क आणि क्लीनचा क दोन्ही गेले होते. त्या दिवशी दोन खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी तीन. कुणी मारली की ते मारणाऱ्याला म्हणायचे, "माझ्या पोरीला विचार. ती सगळ्या अकरा ओळी न अडखळता वाचते." नाकातून रक्त येत असलं तरी म्हणायचे.

आठवड्याभरात शेड बिघडली. सुरुवातीला लोक हळू मारायचे, तोंड फिरवून. मग ज्याने काल खाल्ली तो आज जोरात देऊ लागला. जुनी भांडणं बाहेर आली. दुसऱ्या टेबलावरच्याची बायको कधीतरी तिसऱ्या टेबलावरच्याशी हसून बोलली होती, त्याचा हिशेब "होल", म्हणजे अख्खा, या शब्दावर चुकता झाला. सोलणाऱ्या एकाचा कानच सुजून बंद झाला. एका सकाळी टकल्या "नील", म्हणजे गुडघा टेकणे, या शब्दावर अडकला आणि पाळी अप्पांची आली. त्यांना तो शब्द येत होता. आदल्या संध्याकाळी मी चाळीस वेळा म्हणून घेतला होता.

"नील," अप्पा म्हणाले, आणि दिली. रोज दोनशे जनावरांच्या माना मागे वाकवणारा हात होता तो. टकल्या हौदावर आपटला, उठला, आणि हातावर काहीतरी थुंकला. दात होता. साहेब म्हणाले, "शाबास. हा विसरणार नाही."

घरी आल्यावर अप्पा जेवले नाहीत. आई म्हणाली, "शब्द आला ना? मग तोंड का पाडता?" त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. आईने पळी उचलली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. "तिथला राग तिथे ठेवून यायचा," ती म्हणाली. "मी काही तुमच्या पुढच्या नंबरवर उभी नाही." अप्पा खाली बसले आणि भिंतीवरचं कालवण हाताने पुसू लागले. माझ्यावर त्यांनी जन्मात कधी हात उगारला नव्हता. आई म्हणायची, सगळा हात मेंढ्यांवर संपतो.

दुसऱ्या दिवशी तो हातही गेला. अप्पा ओठांतल्या ओठांत ओळी म्हणत कापत होते. हनुवटी वर, गुडघा मानेमागे, सुरी, आणि मध्येच बहुतेक एखादा शब्द अडला. सुरी अर्ध्यावर थांबली. मेंढी सुटली. गळा उघडा, श्वास त्या भोकातून शिट्टीसारखा वाजत होता, आणि ती धावत सुटली. हौद, मांस टांगायचे आकडे, लोकांचे पाय, सगळ्यांवर रक्त उडवत ती कोरड्या खोलीत शिरली. माझ्या टेबलाखाली घुसली. माझ्या पोटऱ्यांना तिचं ओलं अंग लागत होतं आणि ती थरथरत होती. अप्पा मागून आले, टेबलाखाली वाकले, माझ्याकडे न बघता तिचं तोंड धरलं आणि काम पुरं केलं. माझ्या चपला भरल्या.

"सव्वीस वर्षांत पहिली," ते टेबलाखालूनच म्हणाले. उठायला त्यांना फार वेळ लागला.

हे साहेबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या सकाळी वाचनाला ते हसत आले. पाळी अप्पांची होती. अप्पा तिसऱ्या ओळीवर चुकले. टकल्या पुढे सरकला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांब. हा रोज पोरीचं नाव सांगतो. बोलवा ना पोरीला. बघू तरी."

मला कोरड्या खोलीतून आणलं. समोर अप्पा. दोन्ही गाल काळेनिळे, खालचा ओठ फाटलेला. इतक्या जवळून, दिवसाउजेडी, मी ते तोंड नीट पाहिलंच नव्हतं. घरी आम्ही दोघं पोळपाटाकडे बघत असायचो.

"वाच तिसरी ओळ. आणि दे."

मला वाटलं, येत नाही म्हटलं की सुटले. मला मारावं लागणार नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या आधी कुणाला कशी सुचली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. मी पाटीकडे बघितलं आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "व्रॅप द व्रिस्ट."

शेडमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब म्हणाले, "हीच का ती? अरे, बापाच्या वरताण निघाली! टकल्या, वाच आणि दोघांना दे."

टकल्याने बरोबर वाचलं. अप्पांना दिली. मग माझ्याकडे वळला. दात गेल्यापासून त्याचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसायचं. "पोरी, डोळे मीट," तो हळूच म्हणाला, आणि त्याने दिली. कानात घंटा वाजल्यासारखं झालं आणि मी भिंतीला जाऊन टेकले.

मी डोळे उघडले तेव्हा अप्पांनी टकल्याची मान धरून त्याला हौदात बुडवलं होतं. चार माणसं अप्पांना ओढत होती. टकल्याचे पाय हवेत झाडत होते. शेवटी पाचव्याने अप्पांच्या गुडघ्यामागे लाथ घातली तेव्हा हात सुटला. टकल्या वर आला, खोकला, ओकला. आणि अप्पा उठून सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, जवळ घेतील.

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. टकल्याची काहीच नव्हती असं वाटायला लावणारी.

"येत असून चुकलीस," ते म्हणाले. "येत असून!"

त्या दिवशी आम्ही दोघं घरी वेगवेगळे आलो. मी आधी पोचले. आईने माझा गाल बघितला आणि ओलं फडकं दिलं. अप्पा आले तेव्हा अजून ऊन होतं. ते उंबऱ्यावर बसले आणि बूट काढायलाही विसरले.

"मी तुम्हाला मारू का मग?" मी म्हणाले. रागाने माझा आवाज चिरकत होता. "सगळ्यांसमोर बापाच्या तोंडात देऊ? तुमचं तोंड बघूनच मी चुकले. वर तुम्हीच मला मारलंत."

"मारायची होती," अप्पा म्हणाले.

"लाज नाही वाटली मला?"

"तुझी लाज तुझ्यापाशी. माझं ऐक." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दहा दिवस त्या शेडमध्ये ज्याने त्याने माझ्या तोंडावर हात साफ केला. ज्यांना सुरीची मूठ माहीत नव्हती त्यांनी. मी उभा राहिलो. का राहिलो? प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचो, हाण लेका, हाण, माझ्या घरात एकजण आहे, ती तुम्हा सगळ्यांना पाणी पाजेल. माझ्याकडे दुसरं काय आहे? टेबल आज आहे, उद्या नाही. तू शिकलीस, एवढं एकच मी जन्मात धड केलं. ते तू सगळ्यांसमोर मोरीत ओतलंस. का, तर म्हाताऱ्याला लागेल म्हणून."

आईने माझ्या हातातलं फडकं परत भिजवून दिलं.

"आता मला कुणी विचारणार नाही परत," मी म्हणाले.

"विचारतील. त्याला मजा आलीय."

रडू येत होतं, पण मी रडले नाही. मला माझाच फार राग आला होता. मी स्वतःला शहाणी समजून दयाळूपणा करायला गेले होते, आणि ज्याच्यावर दया केली त्याला त्या दिवसात सगळ्यात जास्त मीच मारलं होतं. मी पोळपाट काढला. अप्पांनी मान हलवली. "आज नको. आज तू वाच. अकरा ओळी. मी ऐकतो." मी वाचल्या. ते डोळे मिटून, बूट पायात तसेच ठेवून ऐकत होते.

तपासणीच्या आदल्या दिवशीचं वाचन शेवटचं होतं. आज चुकेल त्याचं टेबल गेलं, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं. लोक सुऱ्या हातात घेऊनच उभे होते, लगेच कामाला लागायचं होतं म्हणून. बाहेर मेंढ्यांचा आवाज चालूच होता. मला आधीपासूनच हौदापाशी बोलावून ठेवलं होतं, अप्पांच्या पुढच्या नंबरवर. साहेबांना मजा आलीय, हे अप्पांनी बरोबर ओळखलं होतं.

अप्पांनी सुरुवात केली. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. रॅप द रिस्ट बरोबर. सहावी. सातवी. टकल्या ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणत होता, मी पाहिलं. दहावी. अकराव्या ओळीत हात साबणाने चोळायचं लिहिलं होतं, म्हणजे "रब", आणि त्यातला ब म्हणायचा होता. शंभर वेळा सांगितलं होतं मी, की अप्पा, इथे म्हणायचा. अप्पा त्या शब्दापाशी आले, थांबले. कपाळावर घाम होता. "र..." म्हणाले. ओठ मिटले. ब आला नाही. पुढच्या शब्दावर गेले.

साहेबांनी बोट वर केलं. "अरेरे! पुढची."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. अगदी साधं, जसं टेबलावर पुढची मेंढी सरकवायला सांगताना बघायचे तसं. मला फक्त अकरावी ओळ वाचायची होती. मी पहिलीपासून सुरू केलं.

"एवढीच वाच," साहेब म्हणाले. मी थांबले नाही. मी त्या अकरा ओळी वाचल्या. जिथे गप्प राहायचं तिथे गप्प, जिथे म्हणायचं तिथे म्हणून. माझा आवाज आकड्यांवर आपटून परत येत होता. आतड्यांच्या खोलीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, हातातून पाणी गळत होतं. शेवटचा शब्द झाला आणि मी हात उचलला.

मी पूर्ण ताकदीने मारली. माझ्या हातात राग होता. तो अप्पांवरचा अजिबात नव्हता असं खोटं सांगणार नाही, थोडा होताच, त्या दिवशीचा. बाकीचा कुणावरचा होता ते शेडमधल्या प्रत्येकाला कळलं असेल. अप्पांची जुनी जखम फुटली. रक्त हनुवटीवरून रबरी एप्रनवर ठिबकलं. ते एक पाऊल मागे गेले आणि सावरले, आणि मग त्यांनी मान वर करून सगळीकडे बघितलं. हसत होते. दात लाल झाले होते.

"ऐकलंत का रे?" ते म्हणाले. "अकरा ओळी. कुठे अडखळली?"

"नाही अडखळली," टकल्या म्हणाला. दारातल्या बायकांपैकी कुणीतरी नाक ओढलं.

"पुरे," साहेब म्हणाले. "सुरी ठेव आणि आतड्यांकडे चल."

"जातो ना." अप्पांनी सुरी ठेवली नाही. दोन पावलं पुढे गेले आणि साहेबांच्या अगदी समोर उभे राहिले. त्यांच्या ओठातलं रक्त साहेबांच्या बुटावर पडलं. सुरी खाली, मांडीपाशी, हातात सैल होती. त्यांनी ती उगारली नाही, हलवलीही नाही. पण ती त्यांच्या हातात होती, आणि तो हात काय करतो ते साहेबांनी रोज पाहिलं होतं. "तुम्हाला विचारतोय, साहेब. माझ्या पोरीने वाचलं, ते ऐकलंत का?"

साहेबांची नजर सुरीवर गेली, माझ्यावर आली, परत सुरीवर गेली.

"ऐकलं," ते म्हणाले.

"कसं वाचलं?"

"बरोबर वाचलं."

तेव्हा अप्पांनी सुरी टेबलावर ठेवली, बाहीने तोंड पुसलं आणि आतड्यांच्या खोलीत गेले.